बाकीच्यांनी उठावं

जून लागला की दोह्यात खोक्यांचं पीक येतं. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, कुणाच्या हातात नोकरी संपल्याचं कंपनीचं पत्र पडलेलं असतं, कुणी आपणच पत्र दिलेलं असतं, आणि आमच्या बिन महमूद भागातल्या प्रत्येक सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी चांगली शिकलीसवरलेली माणसं रिकामी खोकी मागत उभी दिसतात. केळ्यांची खोकी मजबूत, म्हणून त्यांना मान. गल्लीतून छोट्या पिकअपवर गाद्या आडव्या होऊन निघालेल्या असतात. वायव्येकडून कोरडा वारा सुटलेला, गाडीच्या काचेवर पिठासारखी धूळ, आणि रस्त्याकडेच्या खजुरींच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या. त्या पिशव्यांतली हिरवी फळं पिवळी व्हायला लागली की समजायचं, जाणारे निघाले.

यंदा खोकी आमच्या घरात आहेत. एकोणीस वर्षांनी. सुधीर, माझा नवरा, प्रत्येक खोकं वजनकाट्याच्या हुकाला लटकवतो आणि प्रसूतिगृहात बाळाचं वजन सांगावं तसा आकडा मोठ्यानं सांगतो. आत काय आहे ते खोक्यावर लिहायचं काम माझं. आत्तापर्यंत तीन खोक्यांवर मी ‘इतर’ लिहिलंय. सुधीर म्हणतो, “तुझ्या हातून यादी झाली तर कस्टमवाले आपल्याला तिथंच ठेवून घेतील.” कढीपत्त्याची कुंडी समोरच्या फ्लॅटमधल्या नव्या मुलीला दिली. ती मुलगी आयटीवाली, दोन वर्षांच्या करारावर आलेली. तिनं कुंडी अशी धरली की जणू आता हिला इंटरनेटला जोडायची कुठून.

भरायचा राहिलाय फक्त स्वयंपाकघरातला रेडिओ. तो शेवटच्या खोक्यात. शुक्रवार गेल्याशिवाय तो भरायचा नाही, हे आमच्या घरात न बोलता ठरलंय.

इथल्या एका रेडिओ केंद्रानं शुक्रवारी सकाळी दहा ते अकरा हा तास मराठीला दिला होता. कार्यक्रमाचं नाव ‘गप्पांचा शुक्रवार’. पाच वर्षं त्यातल्या गप्पा मारायचं काम माझ्याकडे होतं. माझी निवड कशी झाली म्हणाल, तर इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात माइक बंद पडला आणि मी तशीच शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. एवढीच पात्रता.

विषय सगळे असायचे. शाळेचे प्रवेश, कुणाच्या डब्याची सोय, कुणाला रक्त हवंय, गणपतीच्या आरतीला हॉल मिळतोय का, ईदला मेसईदहून दोह्याला जादा बस सुटणार का. राजकारणही असायचं. त्याला केंद्राची अट एकच: नावं घ्यायची नाहीत. त्यामुळे आमच्या कार्यक्रमात बीडचा माणूस ‘एका आमदारा’वर चिडायचा आणि रायगडचा माणूस ‘दुसऱ्या एका आमदारा’ची बाजू घ्यायचा, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना गावासकट सगळं कळायचं. ग्रामपंचायतीच्या मतदानासाठी सुट्टी काढून गावी जावं का, यावर तर आम्ही सलग तीन शुक्रवार भांडलो होतो.

शुक्रवार, असं मी म्हणते. इथंच तर घोळ होता.

शुक्रवार इथला सुट्टीचा वार, केंद्रात कुणी नसायचं. शिवाय राजकारणाचा विषय, म्हणून केंद्राला कार्यक्रम आधी हातात हवा असायचा. त्यामुळे ‘गप्पांचा शुक्रवार’ भरायचा बुधवारी. अल गराफातल्या एका जुन्या व्हिलात, वरच्या मजल्यावर, संध्याकाळी सहा वाजता मी माइकसमोर बसायचे आणि म्हणायचे, “शुभ सकाळ मंडळी. आज शुक्रवार. उन्हं चढायच्या आत आपण भेटतोय.” बाहेर सूर्यास्ताची, मगरीबची अजान व्हायला आलेली असायची. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना मी आधीच पढवून ठेवलेलं असायचं, आणि मग त्यांना फोन लावायचे. तेही बिचारे इमानेइतबारे सकाळ करायचे. एकदा एक वहिनी “आत्ता कांदेपोहे टाकलेत बघा” असं सांगत होत्या आणि मागून त्यांचा मुलगा ओरडत होता, “आई, रात्रीचं जेवण कधी?” शाजीनं ते कापलं. शाजी म्हणजे आमचा आवाजवाला, मलप्पुरमचा, मराठीचा एक शब्द न कळता पाच वर्षं मराठी कार्यक्रम सुबक कापणारा माणूस.

आणि या सगळ्यात मी दर दहा मिनिटांनी म्हणायचे, “फोन करा. आम्ही वाट बघतोय.” मग केंद्राचा नंबर, दोनदा, सावकाश. इतर कार्यक्रमांत म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. कार्यक्रम जिवंत वाटायला हवा, असं माझं कलेचं धोरण होतं.

ती चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्याच्या अखेरची गोष्ट. बुधवारी मी वाचायचा चष्मा स्टुडिओत विसरले. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की त्याची धून बसवता येईल. शुक्रवारी सकाळी मी ऋचाला, माझ्या मुलीला, बरोबर घेऊन तो आणायला निघाले. तिची दहावी नुकतीच संपली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि तेही एका शब्दात.

गाडीत रेडिओ चालू होता. माझाच आवाज. स्वतःचा आवाज ऐकत गाडी चालवणं ही शिक्षा आहे. सिग्नलला बाजूची गाडी थांबली तरी मला वाटायचं, तिला कळलंय. व्हिलाच्या रखवालदारानं दार उघडून दिलं. वरच्या बोळातल्या स्पीकरवर मी सांगत होते, “फोन करा. आम्ही वाट बघतोय.” स्टुडिओचं दार ढकललं तर आत अंधार, एसी बंद, कोंडलेला गालिच्याचा वास, आणि टेबलावर फोन वाजत होता.

वाजून थांबला. मी चष्मा उचलला. पुन्हा वाजायला लागला.

ऋचा माझ्याकडे बघत होती. “आई, पिक अप,” ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, “यू आस्क्ड देम टू कॉल.”

मी उचलला.

“हॅलो?” पलीकडून म्हातारा, जाडसर आवाज. मग थोडं थांबून, “कोन? लागला काय?”

“हो, लागला. बोला.”

“पाच महिने लावतंय ताई. तुमची लाइन लय बिझी.”

आणि मी, कलेचं धोरण तोंडात इतकं मुरलेलं की, म्हणाले, “हो ना, शुक्रवारी फार गर्दी असते फोनांची.”

त्याच्या मागे त्याचा रेडिओ चालू होता आणि त्यात मी डब्यांच्या विषयावर कुणाशी तरी खळखळून हसत होते.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही रेडियोत दुसऱ्याशी बोलताव. आनि माझ्याशीपन बोलताव.”

बोळातल्या स्पीकरवर मी पुन्हा हसले. माझं हसणं इतकं निर्लज्ज आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. बुधवार, शाजी, पढवलेले फोन. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्यानं फक्त विचारलं, “म्हंजे इतके शुक्रवार मी फोन लावत व्हतो तो कोनाला?”

समोर टेबल होतं, खुर्ची होती, बंद माइक होता.

त्याचं नाव हमीद. रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं गाव. मेसईदच्या लोखंडाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर, आता फोरमन, राहायला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये. जूनमध्ये तो कायमचा परत चालला होता. तिकीट शनिवारचं, दोन आठवड्यांनंतरचं. त्याआधी त्याला एकदा रेडिओवर बोलायचं होतं, बायकोशी. नातू तिला मोबाइलवर कार्यक्रम लावून देतो, ती दर शुक्रवारी ऐकते, कारण यानं तिला सांगून ठेवलंय की मी रेडिओवर येणार.

“चाचीशी फोनवर बोलणं होत असेल ना रोज?” मी विचारलं.

“होतं तर. जेवलीस काय. जेवले. पानी आलं काय. आलं. मग ती विचारते, जेवलाव काय.” तो जरा हसला. “समोरून आवाज आला की माझी गडबड होते ताई. टेपवर बरं जमायचं.”

टेपवर. तेव्हा मला ती गोष्ट कळली, जी माझ्यासारख्या देशावरच्या बाईला एकोणीस वर्षं आखातात काढूनही कळली नसती. पूर्वी, गावात फोन नव्हते तेव्हा, कोकणातली ही माणसं पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. एका बाजूला याचं बोलणं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच कॅसेट परत यायची, दुसऱ्या बाजूला घरच्यांचं बोलणं घेऊन. त्याची रीत ठरलेली होती. आधी सलाम. मग आज कुठला वार, किती वाजले, हवा कशी, कारण ऐकणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर सगळं शिळं होणार. मग घरातल्या मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं नाव घेऊन विचारपूस. शेजारीपाजारीही ऐकायला येऊन बसलेले असायचे, त्यांनाही एकेक वाक्य. आणि शेवटची पाच-दहा मिनिटं उरली की टेपवरचा माणूस खाकरायचा आणि म्हणायचा, “आता बाकीच्यांनी उठावं.” मग सासू-सासरे, दीर, पोरंटोरं, शेजारी, सगळे मुकाट उठून बाहेर जायचे. खोलीत बायको एकटी राहायची, टेपजवळ.

“काय बोलायचंय चाचीशी?” असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण पाच वर्षं लोकांना प्रश्न विचारून जीभ सैल झालेली.

त्यानं सरळ सांगितलं. “मी गेलो ना, की घरात काठाचा कप निघतो. सोनेरी काठ हाय त्याला, मीच नेलेला. बाकी समदे स्टीलच्या पेल्यात चहा पितात, मी कपात. तेहतीस वर्षं मी माझ्या घरात पाव्हना हाय ताई. चाळीस दिवसांचा. ती पाव्हन्यासारखंच बघते माझं, चांगलं बघते. आता पाव्हना कायमचा येनार. तिला ते चालेल काय, तिची सवय मोडंल काय, हे विचारायचंय. घरी गेल्यावर तोंडासमोर नाय विचारता येनार. ती हो बोलंल. तोंडासमोर कोनपन हो बोलतं.”

फोन ठेवला तेव्हा ऋचा खिडकीशी उभी होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “फाइव्ह मंथ्स, आई.” बस, इतकंच. सिग्नलला थांबले तेव्हा मी रेडिओ बंद केला.

सुधीरचं आणि माझं तसं बरं चाललंय, असं मी नेहमी सांगत आले. आमच्यात समुद्र नव्हता, एक बस होती फक्त. पहाटे मेसईदची कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि दिवेलागणीला आणून सोडायची. परवा खोकी भरताना मी मोजायला गेले की एकोणीस वर्षांत आम्ही जेवण, किराणा आणि ऋचाची शाळा सोडून किती बोललो, आणि मग तो नाद सोडून दिला. आम्हीही परत निघालोय. सोलापूरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकमेकांसमोर असणार. सुधीर काल उगाच म्हणाला, “दुपारी तू काय करतेस गं साधारण?” एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, बघशीलच.

पुढच्या बुधवारी हमीदचाचा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा वास, हातात माझ्यासाठी खजुराचा डबा. बोटं मात्र लोखंडाची, टेबलावर ठेवली तर टेबल हललं. मी त्यांना माइक दाखवला आणि नेहमीचं पढवणं सुरू केलं. “चाचा, सुरुवातीला शुभ सकाळ म्हणा, आज शुक्रवार म्हणा—”

“आज बुधवार हाय.”

“हो, पण लोक ऐकणार शुक्रवारी.”

“ऐकू देत. कॅसेटपन लोक नंतरच ऐकायचे.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी तिला कवा खोटा वार नाय सांगितला ताई. कालवन खारट झालं तरी खारट सांगितलं.”

आता पाहा, माझी पंचाईत. एका माणसानं बुधवार म्हटलं की माझे पाच वर्षांचे सगळे शुक्रवार उघडे पडणार. पोहे टाकणाऱ्या वहिनींपासून सगळे. मी शाजीकडे बघितलं. शाजीला मी हिंदीत सगळी गोष्ट सांगितली, कॅसेटची, वाराची. तो हेडफोन गळ्यात घेऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, “हमारे घर में भी आता था, मॅडम. अच्छन भेजते थे, फादर.” आणि त्यानं हात पुढे करून तांबडा दिवा लावला.

“अस्सलामु अलैकुम,” हमीदचाचा म्हणाले. “आज बुधवार हाय. संध्याकाळचे साडेसहा वाजले. हवा कोरडी, वारा लय, धुरळा. मी दोह्यात रेडियोच्या हाफिसात बसलोय. तब्बेत बरी हाय.” आणि मग एकेक नाव. मुलगा नजीर, नजीरची बायको, नातवंडं वयाप्रमाणे, खाडीपलीकडची बहीण, शेजारचा रमाकांत आणि त्याची गुडघ्याची व्याधी, मशिदीपुढच्या पाण्याच्या टाकीचं काम झालं का, आणि ‘एका सरपंचा’नं ते का अडवलं. नाव घेतलं नाही. आमच्या केंद्राची अट त्यांनाही ठाऊक होती. पाच महिने ऐकत होते. बायकोला ते ‘नजीरची अम्मा’ म्हणत होते. मी खुर्चीत बसून विसरले की मला मध्ये प्रश्न विचारायचे असतात.

मग ते खाकरले.

“आता बाकीच्यांनी उठावं.”

मी उठले. विचार करून नाही. पाय आपोआप उठले. शाजीनं खूण केली की मशीन सोडून त्याला जाता येत नाही, आणि कानाकडे बोट दाखवून मान हलवली: मला कुठं कळतंय. मी बोळात जाऊन उभी राहिले. भिंतीवर केंद्राच्या नियमांचा कागद होता, तो तीनदा वाचला. दहा मिनिटांनी दार उघडलं. चाचा तोंड धुऊन आल्यासारखे दिसत होते. “खलास,” ते म्हणाले, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

शाजी तारा गुंडाळत होता. “मॅडम, नजमा कौन है?” त्यानं विचारलं. “सात बार बोला.”

केंद्राच्या वहीत प्रत्येक कार्यक्रमापुढे ‘पूर्ण ऐकला’ अशी सही करायची असते. ती दहा मिनिटं मी ऐकली नव्हती आणि ऐकणार नव्हते. शाजीनं वही ओढून स्वतःची सही केली. त्यानं खरोखरच पूर्ण ऐकला होता.

शुक्रवारी मी स्टुडिओत जाऊन बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारचा कार्यक्रम शुक्रवारी. ऋचा न बोलावता आली आणि फोनजवळची खुर्ची तिनं घेतली. बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी आखातातल्या तमाम मराठी माणसांना कळलं की आज बुधवार आहे. फोन वाजायला लागला. पहिला एका गृहस्थांचा. “बाई, हा काय प्रकार आहे? म्हणजे तुम्ही आम्हाला इतकी वर्षं बनवत होता?” मी म्हटलं, “हो.” ते “बरं,” म्हणाले, “मग निदान चाचांचं ऐकू द्या,” आणि त्यांनीच फोन ठेवला.

मग चाचा स्पीकरवर खाकरले आणि आम्ही दोघी उठलो. जिना उतरून व्हिलाच्या अंगणात खजुराखाली उभ्या राहिलो. वारा भट्टीतून आल्यासारखा, डोक्यावर घडांच्या पिशव्या, आणि त्यांतल्या एका पिशवीत एकच फळ पिवळं झालेलं. ऋचानं ओढणी तोंडावर घेतली. “आई,” तिनं विचारलं, “सगळे उठले असतील?” मराठीत विचारलं की इंग्रजीत, हे मला आठवत नाही, आणि तेव्हा मी ते बघितलंही नाही.

उठले होते. संध्याकाळपर्यंत निरोप येत राहिले. बिन महमूदच्या एका घरात पाहुणे जेवायला आले होते, ते ताटावरून उठून गॅलरीत गेले. अल वक्राच्या रस्त्यावर एकानं गाडी कडेला घेतली, रेडिओ चालू ठेवला आणि आपण बाहेर उन्हात उभा राहिला. बंद का केला नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, “बंद कसा करणार? ते बोलत होते ना.” आणि सुधीर, जो शुक्रवारच्या नाश्त्यावरून भूकंप झाला तरी उठत नाही, तो घरात एकटाच असूनही बशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेला होता. पोहे गार झाले, एवढीच त्याची तक्रार.

आम्ही वर आलो तेव्हा फोन वाजत होता. ऋचानं उचलला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

“कतारचा रेडियो ना?” बाईचा आवाज, लांबून, ओरडून. मागे कोंबडा आणि कुणीतरी सांगणारं, आजी हळू बोल, ऐकू जातं. “मी नजमा. नजीरची अम्मा.”

“बोला चाची.”

“आयकलं म्हनून सांगा त्यांना.”

“तुम्हीच सांगा ना चाची, त्यांना फोन करून.”

“फोनवर?” तिला माझी कीव आली असावी. “फोनवर आमी जेवन इचारतो बाय. एक बाजू त्यांनी भरली. आता दुसऱ्या बाजूचं कसं करायचं ते सांग. ते शनवारी इमानात बसायच्या आत आयकायला पायजे.”

मी बुधवारची वेळ सांगितली. तिनं नातवाकडून ती तिकडच्या वेळेत लावून घेतली आणि विचारलं, “मी तवा बुधवारच बोलायचा ना? मला शुक्रवार नाय बोलता येनार.”

बुधवारी शाजीनं रत्नागिरीचा फोन मशीनला जोडला. माझं काम नंबर लावणं आणि वेळेवर उठणं, इतकंच होतं. ते मी नीट केलं. त्याआधीचं जे सगळ्यांसाठी होतं ते मात्र ऐकलं.

केंद्रात मग बरीच चौकशी झाली, आणि शेवटी ठरलं की पुढल्या हंगामापासून शुक्रवारी एक माणूस ठेवायचा आणि कार्यक्रम शुक्रवारीच करायचा. शाजीनं आपली सुट्टी बदलून घेतली. आता कार्यक्रम जळगावची एक तरुण मुलगी करते, माझ्यापेक्षा बरा करते, आणि ती फोन करा म्हणते तेव्हा खरोखर कुणीतरी वाट बघत असतं. ऋचा पुण्याला कॉलेजात आहे. आठवड्यातून एकदा ती आवाजी निरोप पाठवते, लांबलचक, आणि सुरुवातीला वार सांगते. सुधीरनं आत्ताच रेडिओ कुठल्या खोक्यात घालायचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, शुक्रवार होऊ दे.

चार वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार असा होता. चाचांचा कतारमधला शेवटचा. मी स्टुडिओत एकटी बसले होते. दहाला कार्यक्रम लागला आणि पाच मिनिटांनी फोन वाजला. पहिल्याच घंटेला उचलला.

“ताई, मी हमीद.”

“चाचा, आज मी इथं आहे.”

“ठावं हाय. म्हनूनच लावला.” मग म्हणाले, “काय बोलायचं नाय. असाच लावला. ऱ्हाऊ दे चालू.”

मी राहू दिला. त्यांच्या खोलीतला रेडिओ मला फोनमधून ऐकू येत होता आणि माझ्या डोक्यावरचा स्पीकर त्यांना. एकच आवाज दोन्हीकडून, किंचित पुढेमागे. आज बुधवार हाय, रात्रीचे साडेआठ वाजले, आभाळ भरलंय. नजीरचा खोकला बरा. रमाकांतचा गुडघा तसाच. टाकीचं काम लागलं, सरपंच ऐकला. नजमाचाची न अडखळता एकेकाला जागेवर बसवत चालली होती.

“आनि गावाला कळवते,” ती म्हणाली, “काठाचा कप मी धुवून, कागदात बांधून माळ्यावर टाकला. ते आले की त्यांना चहा पेल्यात. समद्यांसारखा. कोन बोललं की पाव्हन्याला पेला कसा, तर त्याला सांगा, पाव्हना कोन?”

फोनमध्ये श्वास ऐकू आला, आत घेतलेला आणि बराच वेळ न सोडलेला. स्पीकरवर चाची बारीक खाकरली.

“आता बाकीच्यांनी उठावं.”

रिसीव्हर जागेवर ठेवला असता तर फोन कट झाला असता. मी तो टेबलावर आडवा ठेवला, स्पीकरकडे तोंड करून, आणि उठले.